गाडीत बसण्याआधी चाकाकडे बघा

आज आम्ही गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहोत. हा काय बायकांचा विषय, असं कुणी म्हटलं तर विचारा, गाडीचा हप्ता कोण भरतं? जोतिबाला जाताना, विक्रीच्या स्टॉलवर जाताना आत कोण बसतं? सात-आठ जणी आणि चटणीचे डबे, सगळा भार त्या चार चाकांवरच असतो.

हल्ली जुनी गाडी घेतली की पोरं आधी मूळची लोखंडी चाकं काढतात आणि चकचकीत अलॉय बसवतात. कुणी मॅगव्हील म्हणतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या गटाची व्हॅनही अशीच नटूनथटून आली. चाकं दिसायला छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा पंक्चर काढून चाक परत बसवलं आणि तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या रस्त्यावर मागच्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली. गाडी चालवणारा आमच्या एका सभासद ताईंचाच मुलगा. त्यानं लगेच गाडी कडेला घेतली. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. आत आम्ही सात जणी होतो.

नट चाकाला नुसतं अडकवून ठेवत नाही, दाबून धरतो. आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणावर चाक घट्ट बसतं. ताण कमी पडला तर चाक हलत राहतं आणि नट सुटतो. जास्त झाला तर आटे जातात, कधी स्टडच तुटतो. म्हणून प्रत्येक गाडीला आवळायचा जोर ठरलेला असतो. त्याला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० लागतो, पण आपल्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतच बघायचा. अंदाजासाठी सांगतो : अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो तांदळाचं पोतं टांगलं, तर जवळजवळ १०० न्यूटन मीटर होतात. आता पान्यावर उभा राहून उड्या मारणारा गडी आठवा! हवेच्या गनचंही तसंच. किती आवळलं हे ती चालवणाऱ्यालाही कळत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करून घ्यायचं.

अलॉय चाकाला आणखी काही गोष्टी लागतात. नटाचं तोंड आणि रिमच्या भोकाची बैठक एकमेकांना जुळली पाहिजे. बाटलीला दुसऱ्याच बाटलीचं झाकण लावल्यासारखं चालत नाही. कुठला नट निमुळता असतो, कुठला गोल तोंडाचा, कुठला सपाट वायसरचा. लोखंडी चाकाचे जुने नट अलॉयला चालतीलच असं नाही. नट स्टडवर पुरेसे आटे फिरून बसतो का, तेही बघायचं. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंग लागते, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं. बसवण्याआधी हबवरचा गंज घासून काढायचा. आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. तेल लावलं की तेवढ्याच जोरात नट जास्त ओढला जातो.

आवळायचा क्रम तुम्हाला शिकवायला नको. रांगोळीत पाच टोकांची चांदणी हात न उचलता काढतो ना, तसाच. एक नट, मग शेजारचा सोडून समोरचा. चार नट असतील तर समोरासमोर. एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी चाक जमिनीला टेकल्यावर. नवीन अलॉय ५० ते १०० किलोमीटर चालली की पुन्हा तपासायची, कारण बैठक थोडी दबते. आपल्याकडून सांगलीला जाऊन आलं की तेवढं अंतर होतं.

आता हवा. ‘ताई, तीस मारू का?’ असं विचारणाऱ्याला दार उघडून दाखवायचं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. आपण बहुधा भरलेल्याच असतो. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त किती हवा चालेल याचा असतो, तेवढी भरायची नसते. अलॉयबरोबर टायरचं मापही बदललं असेल, तर स्टिकरवर विसंबू नका. टायरच्या दुकानात भाराचा तक्ता बघून आकडा काढून घ्या.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. जोतिबाच्या डोंगरावर पोचल्यावर टायर तापलेला असतो, आकडा चढलेला दिसतो, आणि जास्त आहे म्हणून हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला दबतो, वाकतो. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसाच तो तापून फुटतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला. तिथले अपघात वाढल्यावर आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, त्यामागचं एक कारण हेच. गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे.

आमच्या गटाने मासिक सभेत ठराव केला आहे. गाडी भाड्याची असो की गटाची, निघायच्या दिवशी सकाळी एक जण पाची टायरची हवा मोजेल. हो, स्टेपनीचीही. चाक काढलं असेल तर नट टॉर्कवर आवळल्याचं वहीत लिहून सही करायची. हवेचा गेज कॅशच्या पेटीतच असतो. टॉर्क रेंच चार गटांनी मिळून घेतला आहे. वापरून झाला की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा. नाहीतर आतली स्प्रिंग हळूहळू ढिली पडते आणि आकडा चुकीचा दाखवते.