संदेशांच्या वाटा आणि त्यांचा ‘बिल्डर’

दूरच्या नातलगानें पाठविलेलें छायाचित्र मोबाइलवर उमटतें, तें अखंड आलेलें नसतें. त्याचीं लहान लहान पुडकीं होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि वाटेवरचा प्रत्येक राउटर तो पत्ता पाहून पुडकें पुढच्याच्या हवालीं करतो. जगांतील सारे पत्ते कांहीं त्याच्याजवळ एकेक करून लिहिलेले नसतात. टपाल कचेरींत पिन कोडाचे आरंभींचे आंकडे पाहून पत्र योग्य पिशवींत टाकतात, तसा राउटर पत्त्याचा आरंभींचा भाग पाहतो. ‘अमुक आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते अमुक बाजूस’ अशा ओळींचा तक्ता त्याच्याजवळ असतो. एकाच पत्त्याला दोन ओळी लागू पडल्या, तर पत्त्याचा अधिक भाग सांगणारी ओळ मानावयाची, असा नियम आहे.

या साध्या नियमाचें सामर्थ्य २४ फेब्रुवारी २००८ रोजीं दिसून आलें. पाकिस्तानांत यूट्यूब बंद ठेवण्याचा सरकारी आदेश निघाला होता. तो पाळण्यासाठीं पाकिस्तान टेलिकॉमनें यूट्यूबच्या पत्त्यांपैकीं २५६ पत्त्यांचा एक गट आपल्याकडे वळविला. यूट्यूबची स्वतःची ओळ १०२४ पत्त्यांची होती. ही नवी ओळ लहान, म्हणूनच अधिक नेमकी. घरापुरती केलेली ही तजवीज देशाबाहेर गेली, हाँगकाँगच्या पी. सी. सी. डब्ल्यू. कंपनीनें ती न अडवितां पुढें कळविली, आणि जगाच्या बऱ्याच भागांत सुमारें दोन तास यूट्यूब दिसेनासें झालें. यूट्यूबच्या मंडळींनींही मग त्याच नियमाचा आश्रय घेतला. त्यांनीं प्रथम २५६ पत्त्यांची आणि नंतर १२८-१२८ पत्त्यांच्या दोन ओळी जाहीर केल्या!

अशी ओळ लिहिण्याचें काम आज खिशांतल्या मोबाइलवरही चालतें. व्ही. पी. एन. म्हणजे संदेशांसाठीं काढलेली खासगी भुयारी वाट. ती काढणाऱ्या प्रोग्रामला पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागतात: स्वतःचा पत्ता, कोणते मार्ग भुयारांतून जावयाचे तें, पुडक्याचें कमाल माप, आणखी कितीतरी. हें सारें एका दमांत, ठराविक क्रमानें सांगण्याची रीत धोक्याची आहे. ओळीची लांबी २४ आणि पुडक्याचें माप १५००, हे दोन्ही नुसते पूर्णांक. त्यांची अदलाबदल झाली तर लिहिणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं आणि यंत्रही कुरकुरत नाहीं. जोशुआ ब्लॉक यांनीं ‘इफेक्टिव्ह जाव्हा’ या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तींत, योगायोगानें त्याच २००८ सालीं, या अडचणीवर ‘बिल्डर’ नांवाच्या क्लासचा उपाय सुचविला आहे.

बिल्डर म्हणजे कच्चा खर्डा धरून बसलेला कारकून समजावा. दस्तांतील एकेक कलम त्याला नांव घेऊन सांगावयाचें. तें तो टिपून घेतो आणि पुढच्या कलमाची वाट पाहतो. सारीं कलमें झालीं कीं पक्का दस्त एकदांच तयार होतो. अर्धवट दस्त कोणाच्या हातीं पडत नाहीं. अँड्रॉइडमध्यें २०११ पासून व्ही. पी. एन.साठीं असाच बिल्डर आहे. त्याच्या ‘ॲड-ॲड्रेस’नें पत्ता, ‘ॲड-रूट’नें मार्ग व ‘सेट-एमटीयू’नें माप सांगतात. शेवटीं ‘एस्टॅब्लिश’ म्हटल्यावांचून मोबाइलच्या वाटांत तिळमात्र फरक पडत नाहीं.

हा कारकून खाष्ट आहे, हें बरेंच. पत्ता यंत्राच्या लेखीं ३२ स्थानांचा असतां कोणी ओळीची लांबी ३३ सांगितली, तर तो तेथेंच हात आखडतो. १०.१.२.३ हा पत्ता देऊन पहिलीं २४ स्थानेंच जुळवा म्हटलें, तरीही त्याचा नकार. शेवटचा आंकडा शून्यच हवा. मोबाइलच्या धन्यानें संमति दिलेली नसेल, तर ‘एस्टॅब्लिश’ रिकाम्या हातीं परत येतें.

या संमतीचें मोल मात्र घरोघरीं ओळखलें जात नाहीं. ०.०.०.० हा पत्ता आणि लांबी शून्य, एवढी एक ओळ बिल्डर निमूटपणें स्वीकारतो, कारण ती नियमाला धरून आहे. तिचा अर्थ ‘सर्व कांहीं इकडे’ असा होतो. फुकट मिळालेल्या एखाद्या ॲपला घाईनें ‘होय’ म्हटलें, कीं घरांतील त्या मोबाइलची सारी रहदारी भुयाराच्या मालकाच्या दारावरून जाऊं लागते. मालक कसा आहे, हें कारकुनाला कळत नाहीं.

२००८ ची ती ओळही अशीच बिनचूक होती. कोणत्याही बिल्डरनें ती घेतली असती. तेथें आकार चुकला नव्हता, अधिकार नव्हता. त्यासाठीं निराळी सोय झाली आहे. पत्त्यांचा धनी आतां सहीचा दाखला देऊन ठेवूं शकतो, आणि त्यांत जाहीर करणारा कोण व ओळ अधिकांत अधिक किती नेमकी, हें दोन्ही नमूद असतें. तसा दाखला तेव्हां असता आणि हाँगकाँगच्या कंपनीनें तो पाहिला असता, तर पाकिस्तानची ओळ तिच्या दारावरूनच परत गेली असती.