नाव हरवलेली वस्त्रे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने मंडळाचे गुणगान करावे, असा रिवाज आहे. आज आम्ही तो थोडा मोडणार आहोत. याच व्यासपीठावर पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुली प्रथम द्यावयाची आहे.

मायदेशी गेलो असता एका जुन्या स्नेह्यांसह म्हैसूरला जाण्याचा योग आला. त्यांचा सारा जन्म सोलापुरात कापडाच्या पेढीवर गेलेला. प्रवासात त्यांनी एकच अट घातली होती : "अहो, देवळे-राजवाडे तुम्ही पाहा. आम्हांला लुगडी-पातळे पाहू द्या." जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात शिरल्यावर मात्र दोघांच्याही इच्छा एकदमच पुऱ्या झाल्या.

हा राजवाडा 1861 मधला. 1897 मध्ये म्हैसूरचा जुना राजवाडा आगीत जळाला तेव्हा राजघराणे येथेच राहिले, आणि 1902 मध्ये नालवडी कृष्णराज वडेयर यांचा राज्यारोहण समारंभही येथेच झाला. 1915 पासून येथे चित्रे मांडली गेली. राजा रविवर्मा यांचे 1889 मधील 'गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स' हे चित्र याच संग्रहातले. एका चित्रात अकरा स्त्रिया, आणि जवळजवळ प्रत्येकीचा पेहराव निराळ्या मुलखाचा. वीणा घेतलेली केरळची नायर स्त्री, मुसलमान गायिका, आणि मागे टोपी घातलेली विलायती वळणाची एक स्त्री. वेशभूषेचे अवघे प्रदर्शनच एका चौकटीत मांडले आहे म्हणा ना! आम्ही चेहरे पाहत होतो. आमचे स्नेही मात्र निऱ्या, काठ आणि पदराचा झोक न्याहाळीत होते. "या माणसाला कापड कळत होते," एवढाच अभिप्राय त्यांनी दिला; पण तो देताना डोक्यावरची टोपी काढली.

खरेच होते ते. रविवर्म्यांनी आपल्या पौराणिक नायिकांना अनेकदा महाराष्ट्रीय नऊवारीच्या वळणाचे वस्त्र नेसविले. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला, आणि त्याच्या छापील चित्रांमधून ते वळण घरोघर पोचले. केरळच्या चित्रकाराने आपल्या आजीचे लुगडे साऱ्या देशाच्या भिंतीवर टांगले. वस्त्राला मुलखाची वेस अडवीत नाही, हे तेथे मनोमन पटले.

पुढे एका चित्रापाशी आमचे पाऊल थबकले. हाती दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत सांभाळणारी, जांभळट साडीतील ती स्त्री. बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड आपण कितीदा पाहिला आहे! आपल्यापैकी अनेकांच्या घरी तिची छापील प्रत आहे. रौप्यमहोत्सवात तिचीच मोठी प्रत येथे रंगमंचावर लावली होती, आणि आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की हे रविवर्म्यांचे चित्र. कोणी हटकले नाही. उलट टाळ्या पडल्या.

स्नेही हळूच म्हणाले, "नाव वाचलेत का?"

चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे होते. सावंतवाडीचा माणूस, जन्म 1882 चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढणारा. चित्र आहे जलरंगांतले. या माध्यमात चुकलेला हात सहजी पुसता येत नाही, हे जाणणाऱ्याला त्या उजेडाचे मोल अधिकच कळते. आणि दिवा घेऊन उभी आहे ती चित्रकाराचीच कन्या, गीता. लग्नानंतरच्या गीताबाई उपळेकर. 2018 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. म्हणजे आमचे ते भाषण झाले तेव्हा त्या हयात होत्या. ज्यांना आपण एखाद्या पुराणकथेतली नायिका समजत होतो, त्या कोल्हापुरात आपल्यासारख्याच मराठी घरात नांदत होत्या. आम्ही मात्र बापाचे चित्र दुसऱ्याच्या नावे करून मोकळे झालो होतो! आज या सभेपुढे ती चूक आम्ही दुरुस्त करीत आहोत.

दुसरे दिवशी म्हैसूरच्या प्रसिद्ध रेशीम कारखान्याची वाट धरली. 1912 मध्ये कृष्णराज वडेयरांनीच तो स्थापिला. माग स्वित्झर्लंडहून आणविले. पीळ दिलेल्या रेशमी धाग्याचे ते तलम, अंगासरशी पडणारे क्रेप कापड स्नेह्यांनी दोन बोटांत धरून पाहिले. जरीत 65 टक्के चांदी आणि 0.65 टक्के सोने असते. 2005 मध्ये म्हैसूर रेशमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रत्येक साडीवर तिचा स्वतंत्र क्रमांक विणलेला असतो, कोणी नकली माल खपवू नये म्हणून. स्नेही बराच वेळ त्या क्रमांकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साडीची ओळख पक्की केली, हे उत्तमच. पण विणणाऱ्याचे नाव कोठे असते हो? आमच्या पेढीवरही कधी नव्हते." स्वतःच्या धंद्याविषयी इतके खरे बोलणारा माणूस विरळाच.

बंधुभगिनींनो, ते वाक्य ऐकताच आम्हांला आपल्या मंडळाचे कपाट आठवले. त्यात पहिल्या नाटकाच्या वेळची एक पैठणी डांबराच्या गोळ्या घालून जपलेली आहे. तिचा पदर आजही झळाळतो. पण ती कोणी दिली, हे आम्ही चार ज्येष्ठ सभासदांना विचारले तेव्हा चार निराळी नावे आली. जुन्या हळदीकुंकवाच्या छायाचित्राखाली पुरुष कार्यवाहांची नावे आहेत, आणि ओळीने बसलेल्या बारा जणींखाली केवळ 'महिला सभासद' असे छापले आहे. परमुलखात आल्यावर ज्यांनी ट्रंकेतून नऊवारी आणली, मुलींना ती नेसायला शिकविली, रात्र रात्र जागून नाटकाचे अंगरखे शिवले, त्यांची वस्त्रे आपण राखली आणि नावे हरवू दिली.

तेव्हा आमची विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली जुनी पेटी उघडावी. साडी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगी नेसलेली, हे कागदावर लिहून तिच्या घडीत ठेवावे, आणि त्याची एक प्रत मंडळाकडे द्यावी. विचारायला माणसे आहेत, तोवरच हे घडेल. हीरक महोत्सवाच्या अंकात त्या बारा जणींखाली बारा नावे छापली गेली, तर आमच्या चुकीचेही काही चीज झाले, असे आम्ही समजू.