मोतीबिंदू आणि बुडालेले रोज



डोळ्यांविषयी डॉक्टरांनी बोलावे, युनियनवाल्यांनी कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे झाले ते वाचनालयात आणि मालकांशी भांडताना. पण खाडा म्हणजे काय, हे मात्र आम्हांला डॉक्टरांपेक्षा अधिक कळते.

विडी कामगार बाईची मजुरी हजारावर. सूप मांडीवर आले नाही, तर त्या दिवशी मजुरी नाही. अशी आमची एक भगिनी मोतीबिंदूपायी एका रुग्णालयाच्या खेपा घालीत होती. पहिली खेप डोळा दाखवायला, दुसरी रक्त द्यायला, तिसरी त्याचे कागद आणायला, चौथी काळजाचा आलेख काढायला, पाचवी भिंगाचे माप घ्यायला, सहावी तारीख विचारायला. आधीच अंधुक दिसणार, त्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास आणखी धूसर; म्हणून मुलगा बरोबर, तोही रोजंदारीवरचा. म्हणजे १२ खाडे, आणि शस्त्रक्रिया अजून व्हायचीच! ती मोफत होती, हे सांगायचे राहिलेच.

यांतल्या किती खेपा खरोखर लागतात? बोटाला टोचून साखर मिनिटभरात कळते. रक्तदाबाला तितकाच वेळ. भिंगासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता मोजतात, तेही काही मिनिटांचे काम. क्रम मात्र पाळावा लागतो. वक्रता आधी, डोळ्याला टेकणारी यंत्रे नंतर. पण क्रमासाठी दुसरा दिवस कशाला? गिरणीत पिंजण आधी आणि कताई नंतर, तरी दोन्ही एकाच पाळीत चालतात.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या १९,५५७ शस्त्रक्रिया त्यात पाहिल्या. एका गटाच्या सरसकट तपासण्या केल्या, दुसऱ्या गटात गरज दिसली तरच. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हींकडे सारखेच, हजारी सुमारे ३१. तपासण्या नकोतच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. साखर किंवा रक्तदाब फार चढलेला असेल, अश्रुपिशवीत पू असेल, तर डॉक्टरांनी थांबवलेच पाहिजे. त्या खेपेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती कागद वाहण्याच्या खेपेबद्दल.

हे आपल्याच देशात जमले आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रिया फुकट असूनही माणसे येत नाहीत, कारण बसभाडे, जेवण आणि बुडणारा रोज, हे तिथे ओळखले गेले. म्हणून गावच्या शिबिरात तपासून, निवडलेल्या रुग्णांना त्यांच्याच बसने मदुराईला नेण्याची पद्धत पडली. राहणे, जेवण आणि परतीचा प्रवासही त्यांच्याकडेच.

या सभागृहात रुग्णालयांचे काही विश्वस्त बसलेले दिसतात. बस पाठवा, असे आम्ही आज म्हणत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या तपासण्या एका चिठ्ठीवर लिहून त्याच दिवशी उरकाव्यात, अहवाल आणि तारीख टेलिफोनवर कळवावी, एवढेच मागणे आहे. सोबतीला मुलगा नसेल, तर आमच्या कचेरीतला माणूस येईल. तशी यादी आम्ही केली आहे, ती व्याख्यानानंतर दाराशी मिळेल.