लाल दिवा आपणच तपासू या

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिरांमधून आपण कायदा शिकलो, आपल्या शरीराची ओळख करून घेतली, पोलीस ठाण्यात फिर्याद कशी नोंदवायची तेही शिकलो. आज मी गाडीच्या ब्रेक लाइटवर बोलणार आहे. काहीजणी हसताहेत, हसा. पण आपल्या कितीतरी गटांकडे आता बोलेरो, सुमोसारखी मोठी गाडी आहे आणि ती बाया चालवतात. ही गाडी कशासाठी फिरते? रात्री फोन येतो, मार खाल्लेल्या बाईला पोरांसकट गावातून बाहेर काढायचं असतं. पोरं बसतात सगळ्यात मागच्या सीटवर. घाटात, पावसात मागून ट्रक येत असतो. आपण ब्रेक दाबला हे त्याला कळतं ते त्या लाल दिव्यामुळे. दिवा लागला नाही तर चूक कुणाची हा वाद नंतरचा. धक्का आधी त्या पोरांना बसतो.

आणि हा दिवा चालवणारीला दिसत नाही. म्हणून तो बंद पडल्याचं महिनोन् महिने कळत नाही. शिवाय रात्री हेडलाइट लावले की मागचे लाल दिवे लागतातच. ते टेल लाइट, मंद असतात. ब्रेक दाबल्यावर त्याहून जास्त उजेड पडला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात: ५ वॅटची टेल लाइटची आणि २१ वॅटची ब्रेकची. त्यामुळे एक तुटली तरी दुसरी लागते आणि आपल्याला वाटतं, दिवा चालू आहे.

तपासायला दुसरं माणूस लागत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीच्या जवळ पाठमोरी लावा, चावी फिरवा, ब्रेक दाबा आणि आरशात पाहा. भिंतीवर डावीकडे, उजवीकडे लाल उजेड दिसला पाहिजे. बऱ्याच गाड्यांना मागच्या काचेपाशी उंचावर तिसरा दिवाही असतो.

आता न लागणारे दिवे मोजा. निम्मं निदान तिथेच होतं.

एकच दिवा बंद असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. चावी काढा, हँडब्रेक ओढा. बऱ्याच गाड्यांत मागचं दार उघडलं की दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून दिवा सरळ मागे ओढायचा. आतला होल्डर फिरवून बाहेर येतो. बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली दिसेल. नवा बल्ब त्याच नंबरचा घ्या. दोन तारांच्या बल्बच्या खिळ्या खालीवर असतात, तो एकाच बाजूने बसतो. जबरदस्ती करू नका. बल्ब चांगला असेल तर होल्डर पाहा. पावसाचं पाणी शिरून हिरवट गंज चढतो. तो पॉलिश पेपरने घासून काढा. काही नव्या गाड्यांत एलईडीचा बंद दिवा असतो. त्यात बल्ब बदलता येत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो.

सगळेच बंद असतील तर तिन्ही बल्ब एकदम जाणं अवघड. मग फ्यूज पाहा. फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटमध्ये असते, कोणता फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा. गेलेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज किंवा नुसती तार कधीच घालू नका, वायर तापून आग लागते. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे, तेव्हा मात्र इलेक्ट्रिशियनकडे जा.

फ्यूज ठीक असेल तर ब्रेकच्या पेडलच्या वरच्या टोकाशी एक लहान स्विच असतो, टॉर्च लावून वाकून पाहा. त्याची वायर निघालेली असू शकते. पेडल सोडल्यावरही दिवे लागलेलेच राहत असतील तर दोष बहुधा याच स्विचचा, किंवा त्यावर टेकणारा रबराचा तुकडा पडलेला असतो. अशाने रात्रीत बॅटरीही उतरते.

मी गाडी घेऊन गेले की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, "ताई, साहेब नाही आले?" एकदा तिन्ही दिवे बंद होते. गॅरेजवाला म्हणाला, मागची सगळी वायरिंग बदलावी लागेल. मी विचारलं, "दादा, फ्यूज पाहिलात?" फ्यूजच गेला होता. सगळे मेकॅनिक लबाड नसतात, चांगल्या मेकॅनिककडून मी खूप शिकले. पण आपल्याला काहीच कळत नाही असं गृहीत धरलं की बिल वाढतं. डॉक्टर आणि वकिलांकडे आपण हेच अनुभवलं आहे. प्रश्न विचारता येणं हेच तिथेही आपलं पहिलं हत्यार होतं.

यंत्र बाईचं काम नाही असं म्हणणाऱ्यांना सांगा: अमेरिकेतली मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास स्वतःच्या मोटारीसाठी, ब्रेक दाबताच मागे 'थांबा' अशी पाटी दिसेल अशी युक्ती केली होती. तिने पेटंट घेतलं नाही, आणि तिचं नाव मागे पडलं.

जेवणानंतर बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर प्रत्येकीने एकेक बल्ब काढून बसवायचा आहे. ज्या गाडी चालवत नाहीत त्यांनीही. आपापल्या गटात गेल्यावर गाडीत दोन बल्ब, चार फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च ठेवा. महिन्यातून एकदा, आणि रात्री निघण्याआधी दरवेळी दिवे पाहा. आणि हे आणखी दोघींना शिकवा.