दोरा नसलेला पतंग

उत्तरायण सरले की आमच्या बारडोलीत काही दिवस तारांवर आणि लिंबाच्या फांद्यांवर फाटके पतंग लोंबत राहतात. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव असल्याने खानदेशातील काही मराठी कुटुंबेही येथे आहेत. आमच्या शेजारच्या अशाच एका घरातील मुलाने मला विचारले, “काका, दोरा तुटला की पतंग गोते खातो. मग विमान दोऱ्यावाचून कसे तरंगते?”

प्रश्न जुना आहे. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०४ साली एका काठीवर चक्क कागदी पतंगच पंख म्हणून बसवला, मागे शेपूट जोडले आणि पुढच्या टोकाला वजन दिले. हे खेळणे टेकडीवरून संथपणे तरंगत उतरले. पतंगाला वाऱ्यासमोर बेताने तिरका धरण्याचे काम दोरा करतो. ग्लायडरमध्ये तेच काम नाकावरचे वजन आणि शेपूट मिळून करतात.

असे ग्लायडर घरी करता येते. त्यासाठी बाल्साचे लाकूड उत्तम. पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकेच त्याचे वजन असते. आपली काटेसावर, म्हणजे गुजरातीतील शीमळो, ही बाल्साच्याच कुळातली. तिचे लाकूडही हलके, पण बाल्साच्या दुपटीहून जड. म्हणून पंखाला बाल्साच घ्यावे.

दीड मिलिमीटर जाडीच्या फळीतून ३० सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद पंख कापावा. लाकडाची शिरा पंखाच्या लांबीतून जावी. आडवी गेली तर पंख मोडलाच म्हणून समजा. पाते दाबू नये, हलक्या हाताने चार वेळा फिरवावे. पुढची कड काचकागदाने गोल करावी, मागची पातळ करावी. मग पंख मधोमध कापून, दोन्ही टोके अडीच-अडीच सेंटिमीटर उचललेली राहतील असा पुन्हा चिकटवावा आणि रात्रभर वाळू द्यावा. या उचलीमुळे एका अंगाला कललेले ग्लायडर आपोआप सावरते.

अंगासाठी २८ सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरे. नाकापासून ८ सेंटिमीटरवर पंखाची पुढची कड यावी व तिच्याखाली मिलिमीटरभर जाडीची चकती ठेवावी. मागे १२ बाय ४ सेंटिमीटरचे आडवे शेपूट व त्यावर ४ सेंटिमीटरचे उभे शेपूट चिकटवावे. आता पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहावा. पुढच्या कडेपासून सुमारे सव्वादोन सेंटिमीटरवर ग्लायडर आडवे राहीपर्यंत नाकाला शाडू लावावा.

यानंतरची कसोटी अंगणात. सकाळी वारा पडलेला असताना ते किंचित खाली रोखून, जोर न लावता सोडावे. वर चढून थबकले आणि कोसळले, तर नाक हलके आहे, शाडू वाढवावा. सरळ खाली घुसले, तर नाक जड आहे, चिमूटभर काढावा. सतत एकाच बाजूला वळले, तर पंखाला पीळ पडला आहे का ते पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

येथे वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाचे ग्लायडर पडू लागताच मीच ते हाती घेऊन दुरुस्त केले. ते झकास उडाले. पण त्या मुलाने त्याला पुन्हा हात लावला नाही. ते आता त्याचे राहिले नव्हते, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून या वेळी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पहिल्या फेकीत ग्लायडरने जमीन गाठली. मुलाने माझ्याकडे पाहिले, मी इतकेच विचारले, “कसे पडले?” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “नाक खाली करून.” त्याने शाडू नखाने खरवडला. कितीतरी फेकी झाल्या. अखेर एकदा ते अंगण ओलांडून, कुंपणावरून, तोडणी झालेल्या उसाच्या रानात जाऊन अलगद टेकले. ते आणायला धावताना तो ओरडला, “काका, आता हात लावू नका हं, वजन बरोबर झालंय!”