पकडीची मर्यादा

दिवाळी आटोपून धान घरीं येऊं लागलें, म्हणजे गोंदिया जिल्ह्यांत गांवोगांवीं मंडईचे दिवस सुरू होतात. कोठें दंडार रंगते, कोठें रात्रभर नाटक चालतें, सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं येतात. आणि पुढें हिवाळाभर मोकळ्या मैदानांत चुन्याच्या रेषा आंखून कबड्डीचे सामने झडतात. महाराष्ट्रांतील जुन्या पिढीला हा खेळ हुतुतू या नांवानें ओळखीचा आहे. त्याला ना साहित्य लागतें, ना खर्च. मूठभर मैदान आणि निरोगी शरीर एवढेंच त्याचें भांडवल. तिरोड्यापासून अर्जुनी-मोरगांवपर्यंत जो तरुण सकाळीं बांधींत धान कापतो, तोच सायंकाळीं चढाईला उभा राहतो. म्हणूनच या खेळांत मोडलेला हात हा केवळ खेळाडूचा हात नसतो. त्या घराचा चालता हात मोडलेला असतो. धोक्याच्या पकडीचा आणि तिला द्यावयाच्या शासनाचा विचार येथूनच सुरू झाला पाहिजे.

पकड ही वस्तुतः काय आहे, हें प्रथम पाहणें अवश्य आहे. चढाई करणारा गडी एकटा दम घुमवीत विरोधी फळींत शिरतो. समोर सात जण असतात. त्याच्या हातापायांत चपळाई असेपर्यंत तो स्वतःचा रक्षक असतो. परंतु एकदां घोटा हातीं लागला, कंबरेला मिठी पडली आणि साखळीनें त्याला वेढलें, कीं क्षणार्धांत सर्व पालटतें. मध्यरेषा गांठण्यासाठीं तो हात लांबवून झेपावलेला असतो, पाय जमिनीवरून सुटलेले असतात, आणि पडतांना आपली मान सांवरावयास त्याच्यापाशीं मोकळा हातही उरत नाहीं. अशा वेळीं त्याचें शरीर त्याच्या ताब्यांत नसून धरणाऱ्यांच्या ताब्यांत असतें. ज्यानें धरलें, त्याच्याकडे त्या शरीराची जबाबदारीही त्याच क्षणीं आली. खेळाचे सारे नियम या एकाच तत्त्वाचा विस्तार होत.

कबड्डीचे नियम या दृष्टीनें वाचले असतां त्यांची योजना चटकन ध्यानांत येते. चढाई करणाऱ्यास धरावयाचें तें हात, पाय अथवा धड यांनाच. केंसांना किंवा अन्य ठिकाणीं हेतुपुरस्सर धरल्यास तो बाद होत नाहीं. त्याचें तोंड दाबून अथवा गळा आवळून दम मोडण्यास मनाई आहे. कारण दम हाच या खेळाचा प्राण, आणि तो छातीच्या कसानें संपावा, दुसऱ्याच्या तळव्यानें नव्हे. पायांची कैची घालून धरण्यास बंदी आहे, कारण कैचींत सांपडलेला गुडघा नैसर्गिक दिशेनें वळूं शकत नाहीं. मुद्दाम सीमेबाहेर ढकलणें हाही दोषच होय. नखें कापलेलीं असावींत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल किंवा निसरडा पदार्थ लावूं नये, हे बारीकसारीक वाटणारे नियमही त्याच माळेंतील मणी आहेत. आणि या सर्वांच्या वर, इजा होईल अशी दांडगाईची पकड करूं नये, असा स्पष्ट निर्बंध आहे.

निर्बंधामागें शासन आहे. हिरवें कार्ड म्हणजे ताकीद. पिवळें कार्ड म्हणजे दोन मिनिटें मैदानाबाहेर. आणि लाल कार्ड म्हणजे त्या सामन्यांतून हद्दपारी. दोन मिनिटांची शिक्षा लहान वाटेल. पण सहा जणांनीं सातांचें मैदान राखतांना फळीची जी तारांबळ उडते, ती ज्यानें पाहिली त्याला त्या दोन मिनिटांची किंमत कळते. एकाच्या दांडगाईचा भुर्दंड सर्व सोबत्यांना पडतो. त्यामुळें पुढच्या वेळीं सोबतीच त्याचा हात आवरूं लागतात. शासनाचा खरा उपयोग हाच.

तथापि हें सारें शासन त्याच दिवसापुरतें आणि पंचाच्या डोळ्यांपुरतें असतें. पकड एका निमिषांत होते, सहा अंगांच्या ढिगाखालीं काय घडलें तें पंचाला दिसतेंच असें नाहीं. या ठिकाणीं दूरच्या एका खेळाचा दाखला उपयोगी पडेल. इंग्लंडांत १८९५ सालीं रग्बीच्या जुन्या संघटनेंतून फुटून निघालेला रग्बी लीग हा खेळ पुढें ऑस्ट्रेलियांत फार लोकप्रिय झाला. त्यांतही धांवत्या प्रतिस्पर्ध्याला मिठी घालून जमिनीवर आणावयाचें असतें, आणि तेथेंही दोघे-तिघे मिळून एकाला धरतात. त्या खेळाचा नियम असा आहे, कीं धरलेल्या माणसाला अशा तऱ्हेनें उचललें, कीं त्याचें डोकें किंवा मान प्रथम जमिनीवर आदळण्याचा संभव उत्पन्न झाला, तर ती फेंक धोक्याची समजावी; योग्य ती काळजी घेऊनही तो प्रसंग टळण्यासारखा नव्हता, असें असेल तरच सूट. येथें 'संभव' हा शब्द मोलाचा आहे. नियम दुखापतीची वाट पाहत नाहीं. उचलणाऱ्याच्या कृतीकडे पाहतो.

२४ मार्च २०१४ रोजीं मेलबर्न येथें या नियमाची कठोर कसोटी लागली. न्यूकॅसल संघाचा बावीस वर्षांचा खेळाडू ॲलेक्स मॅकिनन याला मेलबर्नच्या तिघांनीं धरलें. उचललेल्या अवस्थेंतून तो मानेवर आदळला, मानेचे मणके मोडले आणि हातापायांतील बळ गेलें. त्यानंतर त्याला पुन्हां मैदानांत उतरतां आलें नाहीं. तिघांपैकीं जॉर्डन मॅक्लीन याच्यावर धोक्याच्या फेंकीचा आरोप ठेवण्यांत आला आणि शिस्तमंडळानें त्याला सात सामन्यांची बंदी केली. ही शिक्षा अधिक झाली कीं उणी, याविषयीं तेथें पुष्कळ मतभेद झाले. कोणी म्हणाले, हेतु वाईट नव्हता. कोणी म्हणाले, एका तरुणाचें आयुष्य उद्ध्वस्त झालें, त्यापुढें सात सामने ते काय? दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य होतें. परंतु शिक्षा जखमेच्या मापानें मोजूं लागलें, तर तीच फेंक करून नशिबानें ज्याच्या हातून कोणी जखमी झाला नाहीं, तो निर्दोष ठरेल. आणि उद्यां तोच दुसऱ्याची मान मोडील. यास्तव कृतीचा बेफिकीरपणा मोजावा, हाच मार्ग त्यांतल्या त्यांत न्यायाचा ठरतो.

त्या खेळाची आणखी एक रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सामना संपला म्हणजे दोष संपला, असें तेथें मानीत नाहींत. सामन्यांच्या प्रत्येक फेरीनंतर नेमलेली समिति चित्रफिती पाहते, पंचाच्या नजरेंतून निसटलेला प्रकारही आरोपास पात्र ठरवते, बेफिकिरीची पायरी ठरवते, आणि खेळाडूला आरोप मान्य करण्याची अथवा शिस्तमंडळापुढें बाजू मांडण्याची संधि देते. जुना दोष नव्या दोषाच्या वेळीं विचारांत घेतला जातो. थोडक्यांत, त्या खेळाला स्मरणशक्ति आहे.

खेडेगांवच्या सामन्यांना ही स्मरणशक्ति नसते, हेंच खरें दुखणें. आज एका गांवीं लाल कार्ड घेऊन बाहेर पडलेला गडी पुढच्या आठवड्यांत दुसऱ्या गांवच्या मैदानांत नव्या उमेदीनें उतरतो; तेथें त्याचा इतिहास कोणास ठाऊक नसतो. यजमान गांवची गर्दी रेषेला टेकून उभी असते. चढाई करणाऱ्याला मांडीपासून उचलून आपटलें, कीं शिट्ट्या वाजतात, आणि त्या शिट्ट्यांच्या विरुद्ध कार्ड काढावयास पंचाला मोठें धैर्य लागतें. शिवाय साखळीच्या पकडींत सातांचे हात गुंतलेले. दोष कोणाचा म्हणावें तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा ठिकाणीं एक साधें सूत्र पुरेसें आहे: ज्यानें उचललें, त्यानेंच सांभाळून खालीं ठेवावें, आणि ज्याचा ज्याचा हात धरलेल्या अंगावर आहे, तो तो त्या अंगाचा विश्वस्त आहे.

उपायही आवांक्याबाहेरचे नाहींत. पंच शक्य तों बाहेरगांवचा असावा. प्रत्येक मंडळानें एक वही ठेवावी. कोणत्या गड्याला कोणतें कार्ड कशाकरितां मिळालें, हें त्यांत लिहावें, आणि शेजारच्या मंडळांनीं ती वही एकमेकांस दाखवावी. तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं, राग निवाल्यावर, तिघांनीं बसून दोन्ही बाजू ऐकाव्या. मानेवर पडलेल्या गड्याला काखेंत हात घालून उठवूं नये. डोकें व मान स्थिर ठेवून, सपाट फळीवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच हालवावें. ही एक गोष्ट मैदानावरील दहा जणांना शिकविली, तरी कोणाचा तरी जन्म वांचेल.

इतक्या कडक शिस्तीनें खेळांतील मर्दुमकी जाईल, अशी शंका कित्येक जण घेतात. इतिहास तसें सांगत नाहीं. पूर्वीं गांवोगांवीं हुतुतूच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. नियम एक झाले, तेव्हांच हा खेळ गांवची वेस ओलांडून गेला. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें त्याचें प्रात्यक्षिक जगापुढें केलें; १९९० सालीं तो आशियाई क्रीडास्पर्धांत पोंचला. शिस्तीनें खेळ खुंटला नाहीं, वाढला. आणि जाणत्या प्रेक्षकाला विचारलें तर तो सांगेल, कीं कोपऱ्यांतून झडप घालून एकट्यानें घेतलेली घोट्याची पकड हीच खरी कसबाची; सहा जणांनीं मिळून आपटण्यांत ताकद असेल, कसब नाहीं.

सामना संपतो, दोन्ही फळ्या हात मिळवतात, मैदानावरील धूळ बसते. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांतील प्रत्येकाला मळणीवर जावयाचें असतें. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही आपल्या पायांनीं चालत तेथें पोंचले, तर तो सामना चांगला झाला असें समजावें.