वैद्यांची वकिलात
(सोलापूर येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आपल्या सोलापूर नगरीत आहे. या नगरीचा हा पुत्र १९३८ साली मुंबई बंदरातून चीनला निघाला. जपानच्या आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठविले, त्यांपैकी ते एक. त्या वेळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. औषधांच्या पेट्या आणि पाच वैद्य हीच त्याची वकिलात! कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीस वर्षांचे असताना, तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी चीनने त्यांचे नाव पुसले नाही. २०१४ साली शी जिनपिंग दिल्लीस आले असता त्यांनी कोटणिसांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली. यात राजकारण नाही, असे मी म्हणत नाही. मुत्सद्दी मृत वैद्याचाही उपयोग करून घेतात. परंतु ज्या जखमा बांधल्या गेल्या, त्या खऱ्याच होत्या.

हा मार्ग आपणांस परका नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात असे नमूद आहे की, स्वतःच्या राज्याबरोबरच चोल, पांड्य, ताम्रपर्णी आणि यवनराजा अंतियोक यांच्या मुलखातही त्याने माणसांच्या व जनावरांच्या उपचाराची सोय केली. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या, तेथे त्या लावविल्या.

२०१५ साली नेपाळात भूकंप झाला, तेव्हा भारत सरकारने आपल्या मदतकार्यास 'मैत्री' हे नाव दिले. शब्द तथागतांच्या शिकवणीतला आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते, की ही मैत्री घरात किती? २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली. भारताने परकीय सरकारांची तातडीची मदत नम्रपणे नाकारली आणि श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियास आपली जहाजे पाठविली. देशाची मान उंचावली. त्याच दिवसांत तामिळनाडूच्या नागपट्टणम भागात दलितांना छावण्यांतून हुसकावल्याच्या, टाकीचे पाणी भरू न दिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. बाहेर मैत्री आणि घरात विटाळ! महाडचा सत्याग्रह १९२७ चा; संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी व तलाव सर्वांना खुले केले, त्यासही तेव्हा पन्नासाहून अधिक वर्षे झाली होती.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचा हादरा आपणांसही बसला होता. भीमा-सीनेचे पूर तर ठाऊकच आहेत. अशा वेळी विहारातील तरुणांनी जात न विचारता मदत वाटावी. त्याचबरोबर सरकारी वाटपाच्या यादीची नक्कल तहसील कचेरीतून मागवावी, आपल्या वस्तीतील घरे तीत आहेत की नाहीत ते पाहावे, आणि वगळलेल्या घराचा लेखी अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी.